'अनअसाइन्ड' दिसतंय म्हणून मेमरी बँडविड्थचा मोड मागे फिरवावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एएमडी एपिकचे सर्व्हर, प्रत्येकावर शंभरेक कंटेनर, आणि प्रत्येक कंटेनरसाठी लिनक्सच्या रेसकंट्रोलमध्ये (कॅशे आणि मेमरी बँडविड्थ मोजणारी व वाटून देणारी कर्नलची सोय) एक मॉनिटरिंग ग्रुप. जुन्या कर्नलवर मेमरी बँडविड्थच्या जागी मधूनच 'अनअव्हेलेबल' यायचं, तर कधी आकडा अविश्वसनीय उसळी घ्यायचा. कर्नल ६.१८ वर गेल्यावर तक्रार बदलली. आता बहुतेक ग्रुप 'अनअसाइन्ड' दाखवतात. टीममधल्या एकाचं म्हणणं, मोजणीची पद्धत ठरवणाऱ्या 'एमबीएम_असाइन_मोड' या फाइलमध्ये 'डीफॉल्ट' लिहून टाकू, सगळे आकडे परत येतील. तर चालू सर्व्हरवर हा मोड बदलावा का, बदलला तर काय हरवतं, आणि बदलायचाच असेल तर कसा?

माझं मत आधीच सांगतो: 'डीफॉल्ट'कडे परत जाऊ नका. आकडे परत येतील हे खरं, पण ज्यांच्यावर तुमचा विश्वास उडाला होता तेच आकडे परत येतील. 'अनअसाइन्ड' म्हणजे बिघाड नव्हे. मोजायला हार्डवेअरकडे काउंटर मुळातच कमी आहेत, हे आता कर्नल तुम्हाला उघडपणे सांगतोय. आधीही ते कमीच होते, फक्त त्यांची वाटणी तुमच्या नकळत व्हायची.

आधी ही वाटणी कशी व्हायची ते बघू. प्रत्येक मॉनिटरिंग ग्रुपला एक आरएमआयडी, म्हणजे मोजणीसाठीचा ओळख क्रमांक, मिळतो. टास्क कोअरवर चढलं की कर्नल त्या कोअरच्या एका एमएसआरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या सेटिंगच्या रजिस्टरमध्ये) हा क्रमांक लिहितो, आणि मग त्या कोअरकडून एल३ (कोअरच्या गटाची सामाईक कॅशे) मार्फत मेमरीकडे होणारी वाहतूक त्या क्रमांकाच्या नावे मांडली जाते. इथपर्यंत इंटेल आणि एएमडी सारखेच. फरक पुढे आहे. रेसकंट्रोलचं जुनं गृहीतक असं, की प्रत्येक आरएमआयडीच्या प्रत्येक इव्हेंटमागे, म्हणजे मोजायच्या प्रत्येक गोष्टीमागे, एक हक्काचा हार्डवेअर काउंटर उभा आहे. एएमडीवर आरएमआयडी २५६ पर्यंत असू शकतात, पण हार्डवेअर हमी देतं ती फक्त या घडीला कुठल्या तरी प्रोसेसरवर चढलेल्या आरएमआयडींची. बाकीच्यांचा काउंटर काढून दुसऱ्याला दिला जाऊ शकतो, आणि तसं झालं की आधीची मोजणी शून्य होते.

म्हणून सतत धावणाऱ्या कंटेनरचे आकडे बऱ्यापैकी नीट दिसायचे आणि थोडं काम करून बराच वेळ झोपणाऱ्याचे सर्वात जास्त बिघडायचे. तो झोपला की त्याचा काउंटर दुसऱ्याकडे जायचा. त्याच वेळी फाइल वाचली तर 'अनअव्हेलेबल'. तो उठला, नवा काउंटर मिळाला, मोजणी शून्यापासून सुरू झाली, आणि तेव्हा वाचलं तर त्याहून वाईट. कारण कर्नल हार्डवेअरच्या मागच्या आणि आताच्या आकड्यातला फरक काढतो. आताचा आकडा लहान दिसला तर काउंटर भरून पुन्हा शून्यापासून सुरू झाला असावा असं धरतो. एएमडीचा हा काउंटर ४४ बिटांचा. त्यामुळे त्या चुकीच्या वजाबाकीतून निघणारा आकडा इतका प्रचंड असतो की तेवढी वाहतूक कुठल्याही मेमरी चॅनलला झेपणार नाही. तुमच्या आलेखावरच्या उसळ्या अशा असणार. 'अनअव्हेलेबल' दिसल्यावर मागचा आकडा विसरून जायची दुरुस्ती कर्नलमध्ये आलेली आहे. पण दोन वाचनांच्या मधल्या वेळात काउंटर जाऊन परत आला, तर ते कर्नलला कळायला काही मार्गच नाही.

सर्वात घातक आकडा मात्र उसळीचा नाही. उसळी निदान डोळ्यात भरते. काउंटर गेला, परत आला, आणि नवा आकडा योगायोगाने जुन्याच्या थोडासा पुढे निघाला, तर वजाबाकी नीटनेटकी, पटण्याजोगी आणि साफ चुकीची येते. ती कुठल्याच अलार्ममध्ये सापडत नाही. कोणता कंटेनर शेजाऱ्यांची बँडविड्थ खातो हे ठरवायला तुम्ही हेच आकडे वापरणार असाल, तर तिथे अंदाजाने चालवून घेऊ नये.

यावरचा उपाय हार्डवेअरमध्येच आला. एएमडीच्या नव्या प्रोसेसरांत काउंटर नेमून देता येतात. या सोयीला एबीएमसी म्हणतात, आणि लिनक्समध्ये तिला आधार मिळाला तो २०२५ च्या शेवटी आलेल्या ६.१८ मध्ये. रेसकंट्रोलने तिचं नाव 'एमबीएम_इव्हेंट' मोड असं ठेवलं. या मोडमध्ये एखाद्या ग्रुपच्या एखाद्या इव्हेंटला तुम्ही काउंटर नेमून दिला, की तुम्ही काढून घेईपर्यंत तो त्याचाच. टास्क झोपो की जागं राहो, मोजणी टिकते. ज्याला काउंटर नाही त्याच्या फाइलमध्ये आकड्याऐवजी 'अनअसाइन्ड' येतं. हार्डवेअरमध्ये सोय असेल तर कर्नल बूट होताना स्वतःच हा मोड लावतो. म्हणून कुणी काही न करताही अपग्रेडनंतर तुमचं चित्र बदललं.

तुमच्या मशीनवर काय आहे ते बघायला '/प्रॉक/सीपीयूइन्फो' चाळू नका. एबीएमसीचा फ्लॅग तिथे मुद्दामच दाखवलेला नाही. रेसकंट्रोल माउंट करून 'इन्फो/एल३_मॉन' डिरेक्टरीतली 'एमबीएम_असाइन_मोड' ही फाइल वाचा. 'एमबीएम_इव्हेंट' आणि 'डीफॉल्ट' अशी दोन्ही नावं दिसली तर मोड बदलता येतो, आणि चौकटी कंसातला मोड सध्या चालू आहे. फक्त कंसातला 'डीफॉल्ट' दिसला तर त्या मशीनवर बदलायला काही नाही. इंटेलवर असंच दिसेल.

आता मोड बदलताना नेमकं काय होतं ते. लिहायला हा एका ओळीचा बदल आहे, पण कर्नलला प्रत्येक एल३ डोमेनच्या (एक एल३ आणि तो वापरणारे कोअर) प्रत्येक लॉजिकल सीपीयूवर जाऊन एक एमएसआर बिट बदलावा लागतो. तेही परवडतं. महाग पडतं ते पुढचं: सगळी काउंटर-नेमणूक पुसली जाते आणि कर्नलने प्रत्येक आरएमआयडीसाठी सांभाळलेली बेरीज शून्य होते. एका ग्रुपची नव्हे, सगळ्या डोमेनमधल्या सगळ्या ग्रुपची. मोड बदलला त्या क्षणापासून आधीचा आणि नंतरचा आकडा एकमेकांतून वजा करणं निरर्थक आहे. ग्रुप स्वतः, त्यांतली टास्क आणि 'स्कीमाटा'मधल्या कॅशे-बँडविड्थच्या मर्यादा यांना धक्का लागत नाही. 'एलएलसी_ऑक्युपन्सी' ही कॅशे किती व्यापली आहे ते सांगणारी मोजणीही या मोडवर अवलंबून नाही. म्हणजे चालणाऱ्या कामांना धोका नाही, धोका आहे तो मोजणीच्या सलगतेला.

दोन गोष्टी इथे हमखास निसटतात. पहिली, 'डीफॉल्ट'मधून 'एमबीएम_इव्हेंट'मध्ये आल्यावर 'एमबीएम_असाइन_ऑन_एमकेडिर' ही सेटिंग (नव्या ग्रुपला आपोआप काउंटर द्यायचे का ते ठरवणारी) पुन्हा १ होते आणि इव्हेंटचे फिल्टर (कोणकोणती वाहतूक मोजायची ते) मूळ किमतीला येतात. तुम्ही आधी काही वेगळं लावलं असेल तर ते गेलं. म्हणून स्क्रिप्टमध्ये मोडची ओळ सगळ्यांत आधी आणि या सेटिंग्ज तिच्यानंतर हव्यात. दुसरी, जे ग्रुप आधीच अस्तित्वात आहेत त्यांना आपोआप काउंटर मिळतील या भरवशावर राहू नका. आपोआप नेमणूक होते ती नवा ग्रुप तयार करताना. जुन्या ग्रुपना तुम्हालाच काउंटर द्यायचे आहेत. आणि जो मोड चालू आहे तोच पुन्हा लिहिला तर कर्नल काहीच करत नाही, त्यामुळे मोजणी शून्य करायची युक्ती म्हणून ती ओळ वापरता येणार नाही.

चालू सर्व्हरवर मी हे असं करतो. आधी आकडे गोळा करणारा एजंट थांबवतो, किंवा ते शक्य नसेल तर त्या वेळेची खूण डेटाबेसमध्ये घालतो, म्हणजे कुणी खुणेच्या दोन्ही बाजूंचे आकडे मिळवून दर काढणार नाही. मग मोड लिहितो आणि लगेच 'इन्फो'मधली 'लास्ट_कमांड_स्टेटस' ही फाइल वाचतो. मोड लिहिणं फसलं तर शेल फक्त चुकीचं आर्ग्युमेंट एवढंच बोलतं, कारण या फाइलमध्ये मिळतं. त्यानंतर 'एमबीएम_असाइन_ऑन_एमकेडिर'मध्ये ०. फिल्टर बघून घ्यायचे. मग ज्या ग्रुपना हवे त्यांना काउंटर. पहिलं वाचन टाकून द्यायचं, कारण नेमणुकीनंतर किंवा फिल्टर बदलल्यावर पहिल्यांदा 'अनअव्हेलेबल' येऊ शकतं. दुसऱ्या वाचनापासून एजंट सुरू.

ते ० का लिहायचं, हे जरा नीट सांगतो, कारण तुमच्या 'अनअसाइन्ड'चं मूळ तिथेच आहे.

काउंटर प्रत्येक एल३ डोमेनमागे मोजके असतात. किती, ते 'इन्फो/एल३_मॉन'मधल्या काउंटर-संख्येच्या फाइलमध्ये डोमेनवार लिहिलेलं असतं, आणि शिल्लक किती ते तिच्या शेजारच्या फाइलमध्ये. कर्नलच्या दस्तऐवजातल्या उदाहरणात प्रत्येक डोमेनला ३२ आहेत, तोच आकडा धरून हिशेब करू. प्रत्येक ग्रुपला दोन इव्हेंट: एकूण वाहतूक आणि लोकल, म्हणजे जवळच्या मेमरीशी होणारी, वाहतूक. प्रत्येक इव्हेंटला एक काउंटर. आपोआप नेमणूक चालू असेल तर नवा ग्रुप तयार होताच कर्नल त्याला सगळ्या डोमेनमध्ये दोन-दोन काउंटर देतो. मूळ ग्रुपचे (रेसकंट्रोलमधल्या सगळ्यांत वरच्या ग्रुपचे) दोन गेले की उरतात ३०, म्हणजे १५ ग्रुप. सोळाव्यापासून काही नाही. आणि काउंटर संपले म्हणून डिरेक्टरी तयार होणं थांबत नाही. 'एमकेडिर' यशस्वी होतं, ग्रुप तयार होतो, फक्त त्याला मोजणी नसते. तुमच्या शंभरांतले पहिले पंधरा मोजले जाताहेत, बाकीचे नाहीत, आणि ते पंधरा कोण हे ठरलंय कोणता कंटेनर आधी सुरू झाला यावरून. महत्त्वाचा कोण याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

सुटका या मर्यादेतच दडलेली आहे: नेमणूक डोमेनवार करता येते. एपिकमध्ये एका सॉकेटवर एकच एल३ नसतो, कोअरच्या प्रत्येक गटाला स्वतःचा असतो, आणि प्रत्येक एल३ हे रेसकंट्रोलच्या दृष्टीने वेगळं डोमेन. समजा मशीनवर अशी ८ डोमेन आहेत. मग काउंटर एकूण ३२ नाहीत, २५६ आहेत. सर्व डोमेनमध्ये दोन्ही इव्हेंट मोजणारा ग्रुप त्यांतले १६ खातो. पण तोच कंटेनर सीपीयूसेटने (कुठल्या कोअरवर धावायचं ते ठरवणाऱ्या सेटिंगने) एका डोमेनच्या कोअरवर बांधलेला असेल, तर बाकीच्या सात डोमेनमध्ये त्याच्या नावे वाहतूकच होणार नाही. तिथले काउंटर शून्य मोजत बसतात. ते काढून घेतले तर त्या ग्रुपला फक्त दोन पुरतात. शंभर कंटेनर आठ डोमेनमध्ये सारखे वाटले तर एका डोमेनमध्ये जास्तीत जास्त १३, त्यांचे काउंटर २६, मूळ ग्रुपचे २, एकूण २८. बत्तीसमध्ये बसले, चार शिल्लक राहिले. तेच शंभर कंटेनर, तेच हार्डवेअर, आणि सगळे मोजले जातात.

हे करायची फाइल प्रत्येक ग्रुपच्या डिरेक्टरीत असते: 'एमबीएम_एल३_असाइनमेंट्स'. वाचली तर इव्हेंटचं नाव, अपूर्णविराम (कोलन), मग प्रत्येक डोमेनचा क्रमांक आणि त्याची स्थिती असं दिसतं. रोमन लिपीतला लहान 'ई' असेल तर त्या डोमेनमध्ये हक्काचा काउंटर आहे, नुसती खालची रेघ असेल तर नाही. त्याच रूपात लिहायचंही, आणि डोमेनच्या जागी तारा टाकला तर सगळ्या डोमेनना लागू. तिसऱ्या डोमेनवर बांधलेल्या कंटेनरसाठी आधी ताऱ्याने सगळं रिकामं करायचं आणि मग फक्त ३ ला 'ई' द्यायचा. कंटेनर दुसऱ्या कोअरवर हलवणारी जी कुठली यंत्रणा तुमच्याकडे आहे, तिने सीपीयूसेट बदलताना ही फाइलही बदलायला हवी. नाहीतर कंटेनर नव्या डोमेनमध्ये धावत राहतो आणि त्याचा काउंटर जुन्या डोमेनमध्ये शून्य मोजत राहतो. जुन्या डोमेनच्या फाइलमध्ये 'अनअसाइन्ड' येणार नाही, खरा पण निरुपयोगी आकडा येईल, म्हणून याची तपासणी स्वतंत्रपणे ठेवा.

कंटेनर बांधलेले नसतील, सगळीकडे फिरत असतील, तर हा मार्ग बंद. मग लोकलचा इव्हेंट सोडून द्या आणि फक्त एकूण मोजा. मूळ ग्रुपचा एक वगळून ३१ ग्रुप बसतात. मशीनवर एकच न्यूमा नोड (कोअर आणि त्यांच्या जवळची मेमरी यांचा गट) असेल तर लोकल आणि एकूण यांतला फरक तसाही फारसा काही सांगत नाही. त्याहून जास्त ग्रुप असतील तर काउंटर फिरवत ठेवायचे: काही सेकंद या ग्रुपला, मग काढून त्या ग्रुपला. अंदाज घ्यायला हे चालतं. पण काउंटर काढला की बेरीज थांबते आणि पुन्हा दिला की नव्याने सुरू होते, त्यामुळे फिरवलेल्या काउंटरवरून दिवसाची एकूण वाहतूक काढू नये, दर तेवढा काढावा. ज्या दोन-चार कंटेनरवर खरा संशय आहे त्यांना कायमचे काउंटर द्या, बाकीच्यांवर फिरते ठेवा. सगळ्यांना सारखं वागवायच्या हट्टापायी संशयितांचे आकडे तुटक करून घेऊ नका.

आता ज्याकडे फार कमी लोक बघतात असा एक मुद्दा. तुमच्या रचनेत कंट्रोल ग्रुपच्या (ज्यांना मर्यादा लावता येतात अशा ग्रुपच्या) पोटात मॉनिटरिंग ग्रुप आहेत. कंट्रोल ग्रुपची बँडविड्थ वाचली की त्याची स्वतःची आणि पोटातल्या सगळ्यांची बेरीज मिळते, अशी आपली समजूत असते. 'एमबीएम_इव्हेंट' मोडमध्ये 'अनअसाइन्ड' येतं ते फक्त त्याला स्वतःला आणि पोटातल्या एकालाही काउंटर नसेल तेव्हा. एकाला जरी असला तरी आकडा येतो, आणि तो फक्त काउंटर असलेल्यांची बेरीज असतो. चाळीसपैकी दहा मोजले जात असतील तर त्या दहांचीच बेरीज दिसेल, आणि ती अपुरी आहे असं कुठेच लिहिलेलं नसेल. म्हणून वरच्या पातळीचा आकडा वापरायचा असेल तर सोबत पोटातल्या प्रत्येक ग्रुपची असाइनमेंट वाचा आणि किती जण मोजले गेले ते त्या आकड्याशेजारी साठवा. मी तर वरची बेरीज कर्नलकडून घेतच नाही, ग्रुपवार वाचून स्वतः करतो.

फिल्टरबद्दल थोडं, कारण हा मोड स्वीकारायचं ते चांगलं निमित्त आहे. पूर्वी, म्हणजे ६.३ पासून, एएमडीवर बीएमईसी या सोयीने इव्हेंटमध्ये काय काय मोजायचं ते डोमेनवार बिटमास्क लिहून ठरवता यायचं. 'एमबीएम_इव्हेंट' मोडमध्ये त्या जुन्या फाइली नाहीशा होतात. तुमच्या स्क्रिप्ट त्यांत लिहीत असतील तर त्या फसतील. त्यांच्या जागी 'इव्हेंट_कॉन्फिग्स' डिरेक्टरीत प्रत्येक इव्हेंटचा 'इव्हेंट_फिल्टर' येतो, बिटमास्कऐवजी वाचता येणाऱ्या नावांचा: लोकल रीड, रिमोट रीड, लोकल आणि रिमोट नॉन-टेम्पोरल राइट (कॅशे टाळून मेमरीत होणारं लेखन), स्लो मेमरीतून होणारे दोन्ही प्रकारचे रीड, आणि कॅशेतून बाहेर ढकलल्या गेलेल्या बदललेल्या ओळी. हे फिल्टर सगळ्या डोमेनना आणि सगळ्या ग्रुपना एकच. प्रत्येक काउंटरच्या हार्डवेअर नोंदीत आरएमआयडीबरोबर हे प्रकारही लिहिलेले असतात, त्यामुळे फिल्टर बदलला की कर्नल नेमलेले सगळे काउंटर नव्याने लिहितो. त्यानंतरही जुन्या आकड्यांशी वजाबाकी करू नका.

लोकल-रिमोट भेद तुम्हाला नको असेल तर दुसरा इव्हेंट वाया घालवण्यापेक्षा त्याचा फिल्टर बदला. 'टोटल'मध्ये फक्त सगळे रीड ठेवा, 'लोकल'मध्ये राइट आणि बाहेर ढकललेल्या ओळी. तितक्याच काउंटरमध्ये वाचन आणि लेखन वेगवेगळं मिळतं, आणि कोण शेजाऱ्याला त्रास देतो हे शोधताना ते लोकल-रिमोटपेक्षा कितीतरी जास्त बोलतं. फाइलींची नावं मात्र तीच राहतात. डॅशबोर्डवर लेबल बदलायला विसरलात तर पुढे येणारा माणूस 'लोकल' वाचून भलताच निष्कर्ष काढेल.

राहिला प्रश्न 'डीफॉल्ट'कडे जाण्याचं एखादं रास्त कारण आहे का. एक आहे: आकडे वाचणारं जुनं सॉफ्टवेअर. फाइलमध्ये पूर्णांकच असणार असं धरून लिहिलेले एजंट 'अनअसाइन्ड' हा शब्द दिसला की कोसळतात, किंवा त्याहून वाईट, तो शून्य म्हणून नोंदवतात. एजंट दुरुस्त होईपर्यंत काही दिवस 'डीफॉल्ट'वर राहायचं असेल तर राहा, पण त्या काळातले आकडे निर्णयासाठी वापरू नका. दुरुस्तीही छोटीच आहे. 'अनअसाइन्ड', 'अनअव्हेलेबल' आणि 'एरर' हे तिन्ही शब्द वेगवेगळे ओळखायचे आणि त्या वेळी आकडा नोंदवायचाच नाही, शून्यही नाही. डोमेनवार वेगवेगळी कॉन्फिगरेशन ज्याला खरोखर हवी आहे, त्यालाही बीएमईसीच्या जुन्या फाइलींसाठी 'डीफॉल्ट' लागेल, पण असे लोक थोडे.

'डीफॉल्ट'वर राहायचंच ठरलं, तर बूट झाल्यावर कुठल्या तरी स्क्रिप्टने मोड फिरवण्यापेक्षा कर्नलच्या कमांड लाइनवर 'आरडीटी' या पर्यायात उद्गारचिन्ह लावून एबीएमसी बंद करा. मग मशीन सुरुवातीपासून एकाच मोडमध्ये असते. स्क्रिप्टने केलं तर बूट आणि स्क्रिप्ट यांच्या मधल्या वेळात तयार झालेल्या ग्रुपची बेरीज मोड बदलताच शून्य होते, आणि काही मशीनवर स्क्रिप्ट चाललीच नाही तर ताफ्यातल्या अर्ध्या सर्व्हरांचे आकडे एका अर्थाचे आणि अर्ध्यांचे दुसऱ्या अर्थाचे होतात. कोणत्याही परिस्थितीत, चालू मोड हा प्रत्येक आकड्याबरोबर एक लेबल म्हणून साठवा. एजंटने दर वाचनाच्या वेळी 'एमबीएम_असाइन_मोड' वाचली तर मधेच कुणी हाताने मोड बदलला तेही दिसतं, आणि त्या सीमेवर दर काढायचा नाही हे कोडमध्येच पक्कं करता येतं.